ब्राउझर इंजिनं एकापेक्षा जास्त का हवीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात वेबसाइट बनवणारे, बनवायला शिकणारे आणि नुसत्या वापरणारे असे तिघंही हे प्रश्न आम्हाला फिरून फिरून पाठवतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल असं लिहिलं आहे. तेच दळण दोनदा नको म्हणून, विषय दुसरीकडे येऊन गेला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ब्राउझर इंजिन म्हणजे काय? क्रोम, एज, ब्रेव्ह हे तर वेगवेगळे ब्राउझर आहेत ना?

ब्राउझर वेगवेगळे, इंजिन एकच. वेबसाइटकडून तुमच्याकडे येतो तो एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचा निव्वळ मजकूर. कुठली चौकट कुठे बसवायची, अक्षरं कशी जोडायची, बटण दाबल्यावर काय करायचं हे त्या मजकुरावरून ठरवून पडद्यावर पान उभं करणारा भाग म्हणजे इंजिन. ॲड्रेस बार, टॅब, बुकमार्क ही वरची बॉडी.

रांजणगावला बनणारं फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आठवतं का? त्याच रचनेचं इंजिन फियाटच्या, टाटांच्या आणि मारुतीच्याही गाड्यांत असायचं. शोरूम तीन, पण बॉनेट उघडलं की मामला एकच. तसं क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांच्या आत गूगलचं ब्लिंक आहे. सफारीत ॲपलचं वेबकिट, फायरफॉक्समध्ये मोझिलाचं गेको. मोठ्या वापरातली इंजिनं एवढीच.

२. तीनच का? पूर्वी जास्त होती ना?

होती. ऑपेराचं स्वतःचं प्रेस्टो होतं, ते त्यांनी २०१३ मध्ये सोडलं. मायक्रोसॉफ्टचं आधी ट्रायडेंट होतं, २०१५ पासून एजएचटीएमएल. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या ओपन सोर्स पायावर, जायचं जाहीर केलं आणि जानेवारी २०२० मध्ये नवा एज आला. मायक्रोसॉफ्टलाही हे ओझं जड झालं, यावरून खर्चाचा अंदाज करा. प्रश्न नुसत्या पैशाचाही नव्हता: लोक वेबसाइट फक्त क्रोममध्ये तपासायचे आणि एजमध्ये ती बिघडली की शिव्या एजला बसायच्या.

उरलेल्या तिघांतली दोन पुन्हा भावकीतली आहेत. लिनक्सवरच्या केडीई प्रकल्पाचं केएचटीएमएल नावाचं छोटं इंजिन होतं. ते घेऊन ॲपलने वेबकिट केलं आणि २००३ मध्ये सफारी आणला. २००८ चा पहिला क्रोम याच वेबकिटवर होता. एप्रिल २०१३ मध्ये गूगलने फारकत घेतली आणि ब्लिंक वेगळं झालं. म्हणजे वेगळ्या घराण्यातलं असं गेको एकटंच.

३. एकच इंजिन असतं तर आमचं काम किती सोपं झालं असतं! तीन-तीन ठिकाणी तपासत बसायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा बहुधा शुक्रवारी संध्याकाळी सफारीतला बग सोडवत बसलेला असतो. सहानुभूती आहे. पण हा प्रयोग एकदा करून झालेला आहे.

मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला. त्याचा प्रतिस्पर्धी ब्राउझर नेटस्केप संपल्यात जमा होता आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत एक्सप्लोररचा वाटा ९० टक्क्यांच्या वर गेला. पुढची आवृत्ती कधी आली? ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षं वेब तिथल्या तिथे. मध्ये नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला, लोक तिकडे जाऊ लागले, तेव्हा मायक्रोसॉफ्टला जाग आली.

त्या काळात एकच इंजिन होतं, म्हणून काम सोपं होतं का? ज्यांनी केलंय त्यांना विचारा. फ्लोट केलेल्या, म्हणजे एका बाजूला सरकवलेल्या चौकटीला त्याच बाजूला १० पिक्सेल मार्जिन दिलं की एक्सप्लोरर ६ त्याचे २० करायचा. ही सरळ चूक होती, पण ९० टक्के लोकांना पान तसंच दिसणार असल्यामुळे सगळ्यांनी त्या चुकीला धरूनच पानं रचली. पारदर्शक पीएनजी चित्रामागे राखाडी ठोकळा दिसायचा, त्यालाही पळवाटा काढल्या. चूक दुरुस्त करावी तर जुनी पानं मोडतात, म्हणून चूक तशीच राहते. दुसरं इंजिन समोर असतं तेव्हा निदान 'बरोबर कोण' असा प्रश्न विचारता येतो. एकच असेल तर त्याचं वागणं हाच नियम.

४. पण नियम तर मानकं ठरवणाऱ्या संस्था लिहितात. इंजिन एक असो की चार, नियम तोच राहील ना?

नियम लिहिलेला असणं वेगळं आणि तो पुरेसा लिहिलाय हे कळणं वेगळं. ते कळायला एकच मार्ग आहे: एकमेकांचा कोड न बघता दोन वेगळ्या चमूंनी तोच मजकूर वाचून आपापली वस्तू बनवायची आणि दोन्ही सारख्या चालतात का ते बघायचं.

वेब एसक्यूएलचं उदाहरण इथे चपखल बसतं. ब्राउझरमध्येच छोटा डेटाबेस ठेवायची ही सोय सफारी, क्रोम आणि ऑपेरात आली होती. वापरायला सोपी, लोकांना आवडलेली. पण सगळ्यांनी आत एकच एसक्यूलाइट लायब्ररी बसवली होती. मानकात लिहायचं काय? 'एसक्यूलाइट जे करेल ते'? दुसरी स्वतंत्र अंमलबजावणी नाही, या कारणाने डब्ल्यू३सी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर २०१० मध्ये ते काम थांबवलं. त्या जागी आलेला इंडेक्स्ड-डीबी हाताळायला किचकट आहे, आणि वेब एसक्यूएल गेल्याबद्दल हळहळणारे लोक अजून भेटतात. मला मात्र तो निर्णय बरोबर वाटतो.

५. ब्लिंक ओपन सोर्स आहे. कुणीही कोड घेऊन बदलू शकतो. मग मक्तेदारी कसली?

कोड घेता येतो, हे खरं. पण तो सांभाळायचा कुणी? क्रोमियमच्या कोट्यवधी ओळींत रोज बदल होतात. त्यातली एक गोष्ट तुम्हाला नको असेल तर आपला फरक दर आवृत्तीत नव्याने शिवून घ्यावा लागतो. पाच-दहा फरक निभावतात, शंभर नाही.

एक्स्टेन्शनांचं बघा. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही२ ही जुनी पद्धत बंद करून व्ही३ आणली. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीने चालत होतं ते जुन्या पद्धतीवर. ब्लिंकवर बसलेल्या ब्राउझरना व्ही२ फार काळ टिकवणं अवघड, कारण मुळातलाच कोड काढून टाकला जातो. फायरफॉक्सने मात्र 'आम्ही जुनंही चालू ठेवतो' म्हटलं आणि ठेवलं. इंजिन स्वतःचं असल्यामुळे तसं म्हणता आलं.

६. स्पर्धेमुळे आम्हाला प्रत्यक्ष हातात काय मिळालं? एखादं ठोस उदाहरण द्या.

पहिलं उदाहरण वेगाचं. २००८ मध्ये क्रोम जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही८ घेऊन आला, त्याच सुमारास मोझिलाचं ट्रेसमंकी आणि ॲपलचं स्क्विरलफिश एक्स्ट्रीम आलं. त्या चढाओढीमुळे जावास्क्रिप्ट इतकी वेगवान झाली की आज नकाशे, स्प्रेडशीट आणि व्हिडिओ कॉल ब्राउझरमध्ये चालतात.

माझं आवडतं उदाहरण वेबअसेम्ब्लीचं. सी आणि सी++ मध्ये लिहिलेले जड प्रोग्राम ब्राउझरमध्ये वेगाने चालवायचे होते. गूगलचा तोडगा होता नेटिव्ह क्लायंट, तो २०११ मध्ये क्रोममध्ये आला. तो बाकीच्यांनी घेतला नाही. मोझिलाने २०१३ मध्ये उलट टोकाने सुरुवात केली: जावास्क्रिप्टचाच एक काटेकोर उपसंच घ्यायचा, तो कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतो, आणि ज्या इंजिनाला ओळखता येईल त्याने तो झपाट्याने पळवायचा. हे एएसएम-जेएस. या दोन्ही अनुभवांवरून चारही ब्राउझरवाले (तेव्हा मायक्रोसॉफ्टचं इंजिनही वेगळं होतं) एकत्र बसले आणि २०१७ मध्ये वेबअसेम्ब्ली सगळीकडे आली. त्याच वर्षी गूगलने आपला नेटिव्ह क्लायंट मागे घ्यायचं जाहीर केलं. गूगलला समोर कुणी नसतं, तर आज आपण क्रोमच्या आतल्या रचनेला बांधलेला प्रकार वापरत बसलो असतो.

पान आडव्या-उभ्या रकान्यांत मांडणाऱ्या सीएसएस ग्रिडचा प्रवासही बघण्यासारखा आहे. पहिली आवृत्ती मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या एक्सप्लोरर १० मध्ये आणली. बाकीच्यांनी ती कल्पना घासूनपुसून घेतली आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम, सफारी तिन्हींत ती एकाच महिन्यात आली. ब्लिंक आणि वेबकिटमधलं काम इगालिया या स्पॅनिश कंपनीने केलं, पैसे ब्लूमबर्गने दिले. कल्पना एकाची, सुधारणा दुसऱ्याची, मजुरी तिसऱ्याची!

७. या सगळ्याचा मराठीशी काही संबंध आहे का, की हे इंग्रजी वेबचंच भांडण आहे?

संबंध आहे, आणि त्याची झळ आपण सोसलेली आहे. युनिकोड हे सगळ्या लिप्यांचं सामायिक मानक रुळण्याआधीच्या काळात अनेक मराठी संकेतस्थळं आपापला फाँट वापरायची. पान उघडताच फाँट आपोआप यावा म्हणून ईओटी या प्रकारची फाइल ठेवलेली असायची आणि ती फक्त इंटरनेट एक्सप्लोरर वाचायचा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. त्या पानांतला मजकूर शोधता येत नव्हता, कॉपी करून दुसरीकडे नेता येत नव्हता. ती साइट बंद पडली, फाँट हरवला की जुना अंक डोळ्यांपुढे असून वाचता येत नाही. एका ब्राउझरच्या सोयीवर भाषा टांगली की असं होतं.

आज देवनागरी जोडण्याचं काम क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हार्फबझ ही लायब्ररी करते, तर मॅक आणि आयफोनवरच्या सफारीत ॲपलचं कोअर टेक्स्ट. या दोघांतल्या फरकातून चुका उघड्या पडतात. एक जवळून बघा: 'ॲप'मधला 'ॲ' हा युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या मजकुरात, आणि काही कीबोर्डांवर अजूनही, 'अ' वेगळा आणि वरचा चंद्र वेगळा टाइप केलेला असतो. असा मजकूर एका ब्राउझरमध्ये निमूट नीट दिसतो, तर दुसऱ्यात 'अ'च्या पुढे ठिपक्यांचं वर्तुळ येऊन त्यावर चंद्र बसतो. ग्राहक म्हणतो ब्राउझर बिघडलाय. खरं तर बिघाड मजकुरात आहे, आणि तो कळला तो दुसऱ्या ब्राउझरमुळे.

दुसरं म्हणजे अक्षर कुठे संपतं हा प्रश्न. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची सोय सीएसएसमध्ये आहे. परिच्छेद 'स्वारगेट'ने सुरू झाला, तर मराठी डोळ्याला अख्खा 'स्वा' मोठा हवा. नुसता 'स्' मोठा आणि 'वा' बारीक हे वाचवत नाही. युनिकोडचा मूळ नियम हलन्तानंतर अक्षर तोडायचा. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत आला. जावास्क्रिप्टमधून मजकुराचे असे तुकडे पाडणारी इंटल सेगमेंटर ही सोय क्रोममध्ये २०२० मध्ये, सफारीत २०२१ मध्ये आणि फायरफॉक्समध्ये थेट एप्रिल २०२४ मध्ये आली. म्हणजे इथे मोझिला मागे पडली. वेगळं इंजिन असलं की ते प्रत्येक बाबतीत पुढेच असतं असं नाही.

एक उपाय आजच करा: पानाच्या लँग गुणधर्मात मराठीचा 'एमआर' हा कोड लिहा, हिंदीचा 'एचआय' ठेवू नका. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' ज्या फाँटमध्ये आहेत तिथे ते या कोडवरूनच निवडले जातात.

८. प्रायव्हसीत इंजिनाचा काय संबंध? ती तर सेटिंगची गोष्ट आहे.

सेटिंग बदलणारे थोडे. बाकीच्यांसाठी मूळ सेटिंग हेच धोरण. तुम्ही एका साइटवरून दुसऱ्या साइटवर गेलात तरी पाळत ठेवणाऱ्या थर्ड पार्टी कुकीज सफारीने मार्च २०२० पासून सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ पासून ज्ञात ट्रॅकरांच्या कुकीज अडवल्या आणि २०२२ मध्ये प्रत्येक साइटचा कुकीचा डबा वेगळा केला. गूगलने जानेवारी २०२० मध्ये 'दोन वर्षांत काढतो' म्हटलं, मुदत पुढे ढकलत नेली आणि शेवटी कुकीज तशाच राहिल्या. गूगलची कमाई जाहिरातींवर आहे, हे लक्षात घेतलं की आश्चर्य वाटत नाही. पण कुकीज बंद करूनही वेब चालतो हे दाखवायला कुणीतरी दुसरं हवं होतं.

२०२३ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी वेब एन्व्हायर्नमेंट इंटिग्रिटी नावाचा प्रस्ताव मांडला. तुमचा ब्राउझर 'खात्रीचा' आहे की नाही याचा दाखला साइटला द्यायचा, असा तो प्रकार. मोझिलाने उघड विरोध केला, टीका वाढली आणि नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव गुंडाळला गेला.

९. वेगवेगळी इंजिनं असली की एकाच त्रुटीने सगळे एकदम सापडत नाहीत, हे बरोबर ना?

अर्धं बरोबर. इंजिनातली त्रुटी त्या इंजिनापुरती राहते. पण इंजिनं वेगळी असली तरी आतले बरेच सुटे भाग सामायिक असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांना घाईघाईने अपडेट काढावे लागले. भाषांचे आणि आकड्यांचे नियम सांभाळणारी आयसीयू लायब्ररीही तिन्हीकडे आहे. तेव्हा 'तीन इंजिनं म्हणजे तिप्पट सुरक्षा' हे गणित मांडू नका.

विविधतेचा फायदा वेगळ्या बाजूनेही होतो. मेमरीच्या चुका मुळातूनच टाळणारी रस्ट ही भाषा मोझिलाच्या आश्रयाने वाढली आणि २०१७ च्या फायरफॉक्स ५७ मध्ये सीएसएसचं इंजिन रस्टमध्ये आलं. २०२३ मध्ये क्रोमियमनेही रस्टला दार उघडलं.

१०. माझ्या आयफोनवर मी सफारी नाही, क्रोम वापरतो. मग वेबकिटशी माझा काय संबंध?

पूर्ण संबंध. भारतात आयफोनवर सगळ्या ब्राउझरनी वेबकिटच वापरायचं, असा ॲपलचा नियम आहे. तुमचा क्रोम म्हणजे आत वेबकिट आणि वर गूगलचा रंग. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ मध्ये, आयओएस १७.४ पासून, तिथे दुसऱ्या इंजिनाला परवानगी मिळाली. मात्र त्यासाठी वेगळं ॲप सांभाळावं लागतं.

इथे एक पेच आहे. ॲपलची सक्ती ही स्पर्धेची गळचेपी आहेच. पण याच सक्तीमुळे डेव्हलपरांना वेबकिटकडे दुर्लक्ष करता येत नाही. उद्या आयफोनवर खरा क्रोम आला तर 'क्रोममध्येच उघडा' असं सांगणाऱ्या साइट वाढतील, अशी भीती अनेकांना वाटते. ती खोटी नाही. तरीही मी सक्ती उठवण्याच्या बाजूचा आहे. फक्त ती उठताना क्रोमची डीफॉल्ट म्हणून होणारी घुसखोरीही रोखायला हवी.

११. एका पोर्टलवर फॉर्म भरताना 'कृपया क्रोम वापरा' असं येतं. फायरफॉक्समध्ये खरंच चालत नसेल का?

बऱ्याचदा चालतं. पोर्टल बनवणाऱ्याने फक्त क्रोममध्ये तपासलेलं असतं आणि बाकीच्यांना दारातूनच परत पाठवायची एक ओळ लिहिलेली असते. ती ओळ ब्राउझरचं ओळखपत्र, म्हणजे यूझर एजंट वाचते. ते बदलणारं एक्स्टेन्शन टाकलं की अनेकदा फॉर्म सुरळीत भरला जातो. पैसे भरायचे असतील तर मात्र हा खेळ करू नका, मुकाट्याने क्रोम उघडा.

(या ओळखपत्रांचा इतिहास गमतीशीर आहे. असल्याच दारवानांना चुकवत चुकवत क्रोमच्या ओळखपत्रात आज मोझिला, वेबकिट, केएचटीएमएल, गेको आणि सफारी अशी सगळ्यांची नावं आहेत.)

हे टोकाला गेलं की काय होतं ते दक्षिण कोरियाने पाहिलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथे बँकिंगची सुरक्षा ॲक्टिव्हएक्स या फक्त एक्सप्लोररमध्ये चालणाऱ्या तंत्रावर उभारली गेली. जगभर लोक दुसऱ्या ब्राउझरकडे गेले तरी कोरियात बँकेसाठी एक्सप्लोरर ठेवावा लागायचा, आणि त्या गुंत्यातून सुटायला त्यांना दोन दशकं लागली.

१२. ग्राहक म्हणतो, फायरफॉक्सवाले मूठभर आहेत, त्यांच्यासाठी पैसे देणार नाही. काय सांगू?

फायरफॉक्ससाठी वेगळे पैसे मागूच नका. मानकाला धरून लिहिलंत तर वेगळं काम फार थोडं उरतं. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, इगालिया वगैरे मिळून दरवर्षी इंटरऑप नावाचा उपक्रम चालवतात: काही सुविधा निवडायच्या आणि सामायिक चाचण्यांवर सगळी इंजिनं सारखी वागेपर्यंत दुरुस्त करायची. त्यामुळे पूर्वीइतका त्रास राहिलेला नाही. कुठली सोय सगळीकडे पोचली आहे हे डेव्हलपरांच्या संदर्भ-साइटवरच्या 'बेसलाइन' या खुणेवरून कळतं.

आकडेवारीचा एक फसवेपणा ग्राहकाला जरूर सांगा. साइट फायरफॉक्समध्ये मोडलेली असेल तर फायरफॉक्सवाले तिथून निघून जातात, आणि मग आकडे म्हणतात की फायरफॉक्सवाले नाहीतच.

१३. मोझिलाला पैसे गूगलच देतं. मग ही स्पर्धा लुटुपुटूची नाही का?

टोचणारा प्रश्न आहे. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा फायरफॉक्समध्ये गूगल हे मूळ सर्च इंजिन ठेवण्याबद्दल येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला, तेव्हा सगळ्यात धास्तावलेल्यांत मोझिला होती. हे पैसे बंद झाले तर काय, म्हणून. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात क्रोम विकायची सक्ती झाली नाही. अनन्य करारांना मनाई झाली, पण डीफॉल्टसाठी पैसे देण्यावर बंदी आली नाही. मोझिला तेवढ्यापुरती वाचली.

तांत्रिक निर्णयांत मोझिलाने गूगलला नाही म्हटल्याची उदाहरणं वर आहेत (प्रश्न ५, ६ आणि ८). पण प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर उभी असलेली स्पर्धा कच्ची आहे, हे मान्य करायलाच हवं. म्हणून जाहिरातीच्या किंवा सर्चच्या पैशापासून दूर राहून चाललेल्या प्रयत्नांकडे लक्ष ठेवा. लेडीबर्ड हे इंजिन कुठल्याही जुन्या इंजिनाचा कोड न घेता लिहिलं जात आहे. त्यासाठी २०२४ मध्ये ना-नफा संस्था स्थापन झाली. मोझिलात जन्मलेलं सर्व्हो २०२० मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेलं आणि तिथे काम चालू आहे. दोन्ही अजून रोजच्या वापराची नाहीत.

१४. माझ्याकडे मॅक नाही. सफारीत कसं तपासू?

प्लेराइट हे चाचणीचं साधन विंडोज आणि लिनक्सवरही वेबकिटची बांधणी घेऊन येतं. लिनक्सवर ग्नोम वेब हा ब्राउझरही वेबकिटवर आहे. मांडणीच्या आणि जावास्क्रिप्टच्या बऱ्याच चुका तिथेच सापडतात. अक्षरजोडणी मात्र तिथे ॲपलची नसते (प्रश्न ७), त्यामुळे मराठी मजकुरासाठी खरा आयफोन लागतो. विकत घ्यायची गरज नाही, ऑफिसात कुणाकडे तरी असतोच. पाच मिनिटं मागून घ्या आणि जोडाक्षरं, 'ॲ' आणि 'ऱ्य' असलेलं एक पान आधीच तयार ठेवा.